लॅपटॉप मुका झालाय? घोडं कुठे अडलंय ते आधी शोधा

लॅपटॉपमधून आवाज येईनासा झाला की बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. काही जण आवाजाची पट्टी शंभरावर नेऊन तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघतात. काही जण थेट ड्रायव्हर (विंडोजला एखादा भाग चालवता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम) उडवायला निघतात, आणि उत्साह फारच असेल तर विंडोज नव्याने टाकायची तयारी करतात. पहिल्याने काही होत नाही आणि दुसऱ्याने कधीकधी चालू असलेलंही बंद पडतं. त्यापेक्षा आवाज कुठून निघतो, कुठून कुठे जातो आणि नेमका कुठल्या टप्प्यावर थांबतो हे आधी बघावं. ते कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा दोन क्लिकची असते.

टप्पे असे. ब्राउझर किंवा व्हिडिओ प्लेअरसारखं ॲप आवाज तयार करतं. विंडोज सगळ्या ॲप्सचे आवाज एकत्र करून, तुम्ही निवडलेल्या एका उपकरणाकडे पाठवतं. त्या उपकरणाचा ड्रायव्हर तो आवाज मदरबोर्डवरच्या ऑडिओ चिपपर्यंत नेतो. चिप आकड्यांच्या स्वरूपातल्या आवाजाचं विजेच्या लहरींत रूपांतर करते, अ‍ॅम्प्लिफायर त्या लहरींना जोर देतो आणि शेवटी स्पीकर किंवा हेडफोन वाजतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याला स्वतःचं म्यूट आहे, हीच सगळी गोम आहे. एका ठिकाणचा आवाज चालू केला म्हणून दुसऱ्या ठिकाणचा चालू होत नाही.

पुढचं वर्णन मुख्यतः विंडोज १० आणि ११ धरून आहे. मॅक आणि लिनक्सचं शेवटाकडे थोडक्यात लिहिलंय.

आधी तीन चाचण्या

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी हे तीन प्रयोग करा. मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.

१. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा आणि आवाजाची पट्टी थोडी सरकवून सोडा. पट्टी सोडल्यावर विंडोज स्वतः एक छोटासा ‘टिंग’ वाजवतं. हा टिंग ऐकू आला तर लॅपटॉप ठणठणीत आहे आणि दोष ज्या ॲपमध्ये आवाज येत नाही त्या ॲपचा आहे.

२. वायरचा हेडफोन ३.५ मिमीच्या गोल जॅकमध्ये घाला. हेडफोनमध्ये आवाज आला पण स्पीकरमध्ये येत नसेल तर विंडोज, ड्रायव्हर आणि चिप सगळं चालू आहे. संशय राहतो तो स्पीकर, त्याची आतली वायर, अ‍ॅम्प्लिफायर किंवा जॅक एवढ्यांवरच.

३. यूएसबीचा किंवा ब्लूटूथचा हेडसेट जोडा. याचं महत्त्व असं की अशा हेडसेटमध्ये स्वतःची ऑडिओ चिप असते. म्हणजे लॅपटॉपची चिप, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांना पूर्ण बगल दिली जाते. जॅक आणि स्पीकर दोन्ही गप्प, पण यूएसबी हेडसेट वाजतोय, असं असेल तर गडबड लॅपटॉपच्या चिपमध्ये किंवा तिच्या ड्रायव्हरमध्ये आहे. यूएसबी हेडसेटही गप्प असेल तर विंडोजच्या पातळीवरच काहीतरी बिनसलंय.

निकाल कागदावर लिहून ठेवा. पुढे दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच तर हाच कागद कामाला येतो.

आवाज भलत्याच दाराने जातोय का?

अचानक गेलेल्या आवाजाचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. आवाज निघतोय, पण तुम्ही बसलाय तिथे नाही. काल जोडलेला ब्लूटूथ हेडफोन बॅगेत चालूच राहिलाय, लॅपटॉपने तो आपणहून पकडलाय आणि सगळं गाणं बॅगेत वाजतंय. किंवा एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडलाय. एचडीएमआय चित्राबरोबर आवाजही नेते, त्यामुळे विंडोज बरेचदा आवाज मॉनिटरकडे वळवतं, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. यूएसबी-सीच्या डॉकचंही, म्हणजे एका केबलवर अनेक जोडण्या देणाऱ्या डबीचंही, तेच. कित्येक डॉक स्वतःला साउंड कार्ड म्हणून नोंदवतात.

विंडोज ११ मध्ये स्पीकरच्या चिन्हावर क्लिक केल्यावर आवाजाच्या पट्टीच्या उजवीकडे एक छोटं बटण दिसतं. ते दाबलं की आवाज बाहेर काढू शकणाऱ्या सगळ्या उपकरणांची यादी उघडते. अद्ययावत विंडोज ११ मध्ये विंडोज की, कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबूनही हीच यादी येते. विंडोज १० मध्ये चिन्हावर क्लिक केल्यावर पट्टीच्या वर उपकरणाचं नाव असतं, त्याच्या शेजारचा बाण दाबायचा. यादीत ‘स्पीकर्स’ असं लिहिलेलं आणि पुढे बहुधा ‘रिअलटेक’ (ऑडिओ चिप बनवणारी कंपनी) किंवा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ असलेलं नाव निवडा. लॅपटॉपचे आतले स्पीकर ते.

यादीत स्पीकर्स दिसतच नसतील, किंवा टास्कबारच्या चिन्हावर लाल फुली असेल, तर आधी ‘हिरवी पट्टी बघा’ या विभागात सांगितल्याप्रमाणे बंद करून ठेवलेले स्पीकर शोधा, आणि तिथेही नसतील तर थेट ड्रायव्हरच्या विभागाकडे जा.

हे करताना कीबोर्डवरची म्यूटची कीही दाबून बघा. बहुतेक लॅपटॉपवर ती एफ१ ते एफ१२ यांच्या ओळीत असते आणि तिच्यावर फुली मारलेला स्पीकर असतो. काहींवर ती एफएन की धरून दाबावी लागते. कीमध्ये छोटा दिवा असेल तर तो लागलेला म्हणजे म्यूट चालू. हे सांगण्यासारखं आहे का असं वाटेल, पण धूळ पुसताना नेमकी हीच की दाबली जाते.

रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्या संगणकावर काम करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. जोडणी करण्याआधीच्या पर्यायांत आवाज ‘या संगणकावर’ वाजवायचा की ‘दूरच्या संगणकावर’ हे ठरवता येतं. दुसरा पर्याय निवडलेला असेल तर तुमचा लॅपटॉप गप्पच राहणार.

एकाच ॲपमध्ये आवाज नसेल तर

२००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक ॲपच्या आवाजाची पट्टी वेगळी असते. स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘व्हॉल्यूम मिक्सर’ उघडा. ज्या ॲपचा आवाज येत नाही ते चालू ठेवूनच उघडा, कारण बंद असलेली ॲप्स तिथे दिसत नाहीत. ॲपची पट्टी शून्यावर आहे का आणि त्याच्यापुरतं वेगळं उपकरण निवडलंय का, दोन्ही बघा. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कधीतरी एका ॲपचा आवाज हेडफोनला लावून दिलेला असतो आणि विंडोज ती निवड जपून ठेवतं. विंडोज ११ च्या मिक्सरमध्ये खाली सगळ्या ॲप्सच्या निवडी मूळ स्थितीत आणणारं ‘रीसेट’ बटण आहे. कंटाळा आला असेल तर सरळ तेच दाबा.

ब्राउझरमध्ये आणखी एक थर असतो. टॅबवर राइट क्लिक केल्यावर ‘अनम्यूट साइट’ असं दिसत असेल तर ती वेबसाइट तुम्हीच कधीतरी म्यूट केलेली आहे. शिवाय आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आवाजासकट वाजू न देण्याचं धोरण क्रोमने २०१८ साली आणलं, त्यामुळे पान उघडताच चालू झालेला व्हिडिओ मुका असणं हा बिघाड नव्हे. व्हिडिओवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा.

मीटिंगच्या ॲप्सचा खाक्या निराळा. झूम, टीम्स, मीट यांच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये स्पीकर निवडायची सोय असते आणि ती विंडोजच्या निवडीला जुमानत नाही. मीटिंगमध्ये शिरण्याआधी तिथलं स्पीकर तपासण्याचं बटण दाबून बघावं. याउलट कॉल सुरू झाला की गाण्याचा आवाज पार खाली जातो, अशी तक्रार असेल तर तो विंडोजचाच उद्योग आहे. कॉल सुरू झाल्याचं कळलं की इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, ही त्याची मूळ सेटिंग. पुढे जी जुनी साउंडची खिडकी येणार आहे, तिच्या ‘कम्युनिकेशन्स’ टॅबमध्ये ‘डू नथिंग’ निवडलं की हा प्रकार थांबतो.

विंडोज १० मध्ये ब्लूटूथ हेडसेट यादीत दोनदा दिसतो, एकदा ‘स्टिरिओ’ म्हणून आणि एकदा ‘हँड्स-फ्री’ म्हणून. गाणी ऐकताना स्टिरिओ हवं. हँड्स-फ्री निवडलं तर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, आणि कॉल चालू असताना स्टिरिओ बरेचदा गप्प होतो. एकाच वेळी माइकही वापरायचा आणि गाणंही उत्तम ऐकायचं, हे या जुन्या ब्लूटूथ पद्धतीला जमत नाही.

हिरवी पट्टी बघा

आता विंडोजमधली माझ्या मते सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दडवून ठेवलेली खिडकी. नवीन सेटिंग्ज कितीही देखण्या केल्या तरी मायक्रोसॉफ्टला ही जुनी खिडकी अजून काढून टाकता आलेली नाही, आणि ते बरंच आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टम, मग साउंड, आणि पानाच्या तळाशी ‘मोअर साउंड सेटिंग्ज’. विंडोज १० मध्ये त्याच साउंडच्या पानावर ‘साउंड कंट्रोल पॅनेल’ नावाची लिंक आहे. उघडलेल्या छोट्या खिडकीचा पहिला टॅब ‘प्लेबॅक’.

इथे आवाज काढू शकणारं प्रत्येक उपकरण एकाखाली एक दिसतं आणि प्रत्येकाच्या उजव्या टोकाला एक उभी पट्टी असते. एखादं गाणं लावा आणि पट्ट्यांकडे बघा. ज्या उपकरणाकडे विंडोज आवाज पाठवतंय त्याची पट्टी हिरव्या रंगात खालीवर नाचते. ही एक पट्टी अर्धं निदान करून देते:

स्पीकर्सची पट्टी नाचतेय पण ऐकू काहीच येत नाही. म्हणजे ॲप आणि विंडोज आपापलं काम करताहेत, अडचण त्यांच्या पुढे आहे. ड्रायव्हर, चिप, जॅक किंवा स्पीकर.

दुसऱ्याच कुठल्यातरी उपकरणाची पट्टी नाचतेय. आवाज भलत्या दाराने जातोय. स्पीकर्सवर क्लिक करून खालचं ‘सेट डिफॉल्ट’ दाबा.

एकही पट्टी हलत नाही. आवाज ॲपमधून बाहेरच पडत नाहीये, किंवा विंडोजची ऑडिओ सेवा, म्हणजे मागे चालू राहून आवाज सांभाळणारा प्रोग्राम, अडकलीये.

यादीत स्पीकर्स नसतीलच तर रिकाम्या जागी राइट क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हायसेस’ वर खूण करा. बंद करून ठेवलेले स्पीकर फिकट रंगात दिसू लागतात. त्यांच्यावर राइट क्लिक करून ‘एनेबल’ करा. तिथल्याच मेनूत ‘टेस्ट’ आहे. त्याने आधी डावा आणि मग उजवा स्पीकर वाजतो, तेव्हा एकच बाजू गेली असेल तर इथेच कळतं.

स्पीकर्सवर डबल क्लिक केलं की त्यांची माहिती उघडते. तिथल्या ‘लेव्हल्स’ टॅबमधलं ‘बॅलन्स’ दाबून डावं-उजवं सारखं आहे का बघा. एक बाजू शून्यावर गेली असेल तर तो स्पीकरचा दोष नाही. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये आवाजाचा फॉरमॅट असतो. तिथे फार वरचा आकडा निवडलेला असेल तर २४ बिट, ४८००० हर्ट्झ किंवा १६ बिट, ४४१०० हर्ट्झ करून बघा. आवाज येतो पण खरखरतो, तुटतो, अशी तक्रार असेल तेव्हा याचा आणि आवाज ‘सुधारणाऱ्या’ सोयींचा संबंध बरेचदा निघतो. त्या सोयी विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या स्पीकर्सच्या पानावर ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ या नावाने असतात. एकदा ‘ऑफ’ करून फरक पडतो का बघावा.

जॅक अडकलाय का?

हेडफोनमध्ये आवाज येतो, स्पीकरमध्ये नाही. तर स्पीकर बदलायला निघण्याआधी जॅककडे बघा.

हेडफोन घातला की स्पीकर आपोआप बंद होतात, ते जॅकच्या आतल्या एका बारीक धातूच्या पट्टीमुळे. पिन आत शिरली की पट्टी दाबली जाते आणि लॅपटॉपला कळतं की हेडफोन आलाय. आत कचरा अडकला, पट्टी वाकली, किंवा पिनचं टोक मोडून आतच राहिलं, तर पिन नसतानाही लॅपटॉपला हेडफोन लावलेलाच वाटत राहतो. आवाज त्या नसलेल्या हेडफोनकडे जात राहतो.

तपासायचं असं: प्लेबॅकची ती खिडकी उघडी ठेवून हेडफोन घाला आणि काढा. बऱ्याच लॅपटॉपवर त्यासरशी यादीतलं नाव किंवा हिरवी टिकखूण बदलते. काढल्यावरही ‘हेडफोन्स’च दिसत राहिलं तर जॅक अडकलाय, हे जवळजवळ नक्की. टॉर्च मारून आत बघा. चकाकणारं टोक दिसत असेल तर मोडकी पिन आहे, आणि ते काम कारागिराचं.

कचराच असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि रबरी ब्लोअरने आत हवा मारा. तोंडाने फुंकू नये, वाफ आत जाते. मग हेडफोनची पिन हलकेच फिरवत काही वेळा आत-बाहेर करा. पट्टी चिकटलेली असली तर बहुधा एवढ्याने सुटते. सुई, टाचणी, क्लिप असलं धातूचं काहीही आत घालू नका. ती पट्टी इतकी नाजूक असते की एकदा वाकली की जॅकच बदलावा लागतो.

हेडफोनच्या पिनकडेही लक्ष द्या. मोबाइलच्या, माइक असलेल्या हेडफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, नुसत्या ऐकण्याच्या हेडफोनला दोन. अलीकडच्या लॅपटॉपचा एकच जॅक दोन्ही प्रकार चालवून घेतो. काही लॅपटॉपवर पिन घातल्यावर ‘तुम्ही काय जोडलंत?’ असं विचारणारी रिअलटेकची खिडकी येते. तिथे घाईत ‘माइक’ निवडलं की हेडफोन गप्प.

रीस्टार्ट, पण खरा रीस्टार्ट

‘बंद करून चालू केला, तरी तेच’ असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘शट डाउन’ केलेलं असतं. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुतेक लॅपटॉपवर चालू असते. तिच्यामुळे शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून रीस्टार्टच करा, किंवा शिफ्ट की धरून शट डाउनवर क्लिक करा. मग पूर्णच बंद होतो.

तेवढ्याने भागलं नाही तर सेवा बघा. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा. लांबलचक यादीत ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ अशी दोन नावं आहेत. दोन्हींपुढे ‘रनिंग’ आणि ‘ऑटोमॅटिक’ हवं. आधी एंडपॉइंट बिल्डरवर राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’ करा. विंडोज ऑडिओ त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे तीही सोबत रीस्टार्ट करायची का, असं विचारलं जाईल. हो म्हणा. यूएसबी हेडसेटही गप्प असेल तेव्हा हा उपाय हमखास करून बघावा.

विंडोजचा स्वतःचा ट्रबलशूटर साउंडच्याच पानावर आहे. चालवून बघायला हरकत नाही. अडकलेली सेवा तो कधीकधी सोडवतो. पण त्याच्या पुढे त्याची धाव फारशी जात नाही, तेव्हा त्याने ‘काही सापडलं नाही’ म्हटलं तर खचून जाऊ नका.

ड्रायव्हर

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ हा गट उलगडा. नावाजवळ खाली जाणारा बाण असेल तर उपकरण कोणीतरी बंद केलंय, राइट क्लिक करून ‘एनेबल’ करा. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर चालू होत नाहीये. गटात ऑडिओचं काहीच नाही आणि ‘अदर डिव्हायसेस’ खाली ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ दिसतंय, तर ड्रायव्हर नाहीच.

आता आठवा, आवाज कधी गेला? विंडोज अपडेटनंतर लगेच गेला असेल तर स्पीकर्सच्या ड्रायव्हरवर डबल क्लिक करून ‘ड्रायव्हर’ टॅबमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ते फिकट असेल तर परत जाण्यासाठी जुना ड्रायव्हर शिल्लक नाही.

नाहीतर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा. ड्रायव्हरची फाइलसुद्धा काढून टाकायची का, अशी एक चौकट तिथे येते. पहिल्या वेळी तिच्यावर खूण करू नका. मग रीस्टार्ट. विंडोज उपकरण नव्याने ओळखून तोच ड्रायव्हर परत बसवतं, आणि बिघडलेली मांडणी सुधारायला बरेचदा तेवढं पुरतं.

तरीही गप्प? मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टच्या पानावर जाऊन, लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल किंवा सीरियल क्रमांक टाकून, तिथला ऑडिओ ड्रायव्हर उतरवून घ्या. चिप रिअलटेकची असली तरी रिअलटेककडून नको. प्रत्येक कंपनी आपल्या मॉडेलचे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि जॅक यांची जुळणी ड्रायव्हरमध्ये वेगळी करते, त्यामुळे दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर बसतो खरा, पण स्पीकर वाजतीलच असं नाही. विंडोज अपडेटमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि त्याखालच्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्येही कधीकधी योग्य ड्रायव्हर वाट बघत पडलेला असतो. तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करतो म्हणणाऱ्या प्रोग्रामच्या वाटेला मात्र जाऊ नका. आगीतून फुफाट्यात.

इंटेलच्या अलीकडच्या लॅपटॉपमध्ये आणखी एक कडी असते, ‘इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’. ती डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सिस्टम डिव्हायसेस’ गटात दिसते. तिच्यावर पिवळा त्रिकोण असेल तर रिअलटेकचा ड्रायव्हर कितीदा बसवला तरी उपयोग नाही, कारण त्याच्याकडे जाणारी वाटच बंद आहे. आधी ती दुरुस्त करा. तिचा ड्रायव्हर त्याच सपोर्टच्या पानावर, बहुधा ऑडिओ किंवा चिपसेट गटात, असतो.

शेवटचा एक प्रयोग. ड्रायव्हरवर राइट क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, मग यादीतून निवडण्याचा पर्याय. तिथे ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ दिसत असेल तर तो निवडा. हा मायक्रोसॉफ्टचा साधा, सर्वसाधारण ड्रायव्हर. त्याने आवाज आला तर कंपनीचाच ड्रायव्हर बिघडलेला होता. आवाजाचा दर्जा थोडा उतरतो, पण काम चालतं. स्मार्ट साउंडवाल्या लॅपटॉपवर हा पर्याय सहसा मिळत नाही.

विंडोजला बाजूला ठेवून तपासणी

इथवर सगळं करून झालं तरी आवाज नाही, तर प्रश्न एकच उरतो: दोष विंडोजचा की यंत्राचा? त्याचं उत्तर विंडोज सुरू न करताच मिळवता येतं.

डेल आणि एचपीच्या लॅपटॉपमध्ये तपासणीचा प्रोग्राम आतच असतो. डेल चालू करताना एफ१२ दाबत राहा आणि येणाऱ्या मेनूतून ‘डायग्नॉस्टिक्स’ निवडा. एचपी चालू करताना आधी एस्केप दाबा, मग एफ२. बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्येही, एकदा डोकावून ऑडिओ कंट्रोलर ‘एनेबल्ड’ आहे ना, हे बघून घ्या. कार्यालयाच्या लॅपटॉपवर कधीकधी तो मुद्दाम बंद केलेला असतो, आणि तो चालू करण्याचा अधिकार तुमच्याकडे नसतो.

दुसरा उपाय सगळ्याच लॅपटॉपना लागू पडतो. पेन ड्राइव्हवर उबुंटूसारखं लिनक्स टाका, लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघायचा पर्याय घ्या. डिस्कवरच्या कशालाही धक्का लागत नाही. सेटिंग्जमधल्या साउंडमध्ये जाऊन स्पीकरची चाचणी घ्या. आवाज आला तर यंत्र धडधाकट आहे, दोष विंडोजकडे. नाही आला तर यंत्राचा दोष असण्याची शक्यता बरीच वाढते. मात्र लॅपटॉप अगदी नवा असेल तर लिनक्सला त्याची चिप अजून ओळखू येत नसेल, हेही लक्षात असू द्या.

मॅक आणि लिनक्स, थोडक्यात

मॅकवर सिस्टम सेटिंग्जमधल्या साउंडमध्ये ‘आउटपुट’ बघा. आवाजाची पट्टी फिकट झाली असेल आणि हलवता येत नसेल तर आवाज एचडीएमआयने जोडलेल्या पडद्याकडे गेलाय. मॅक त्या मार्गावरचा आवाज कमीजास्त करू शकत नाही. बाकी सगळं ठीक दिसत असेल तर ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये ‘कोअरऑडिओडी’ शोधून ती प्रक्रिया बंद करा, ती लगेच आपोआप पुन्हा सुरू होते. जुन्या मॅकबुकच्या हेडफोन जॅकमधून लाल उजेड येत असेल तर जॅकची ती पट्टी अडकलीये. त्या जॅकमधून प्रकाशाच्या रूपातही आवाज पाठवायची सोय होती, आणि लॅपटॉपला तशी केबल लावल्याचा भास होतोय. वर सांगितल्याप्रमाणे पिन आत-बाहेर करा.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ चालवा, एफ६ ने लॅपटॉपचं साउंड कार्ड निवडा आणि पट्ट्यांच्या तळाशी बघा. ‘एमएम’ लिहिलं असेल तर ती वाट म्यूट आहे, एम की दाबली की उघडते. तिथेच ‘ऑटो-म्यूट’ दिसत असेल आणि जॅक अडकलेला असेल तर ते बंद करा, स्पीकर वाजायला लागतात. जॅक दुरुस्त होईपर्यंतची ही पळवाट विंडोजपेक्षा लिनक्सवर सोपी आहे.

दुरुस्तीला देताना

पाणी किंवा चहा सांडल्यावर आवाज गेला असेल तर वरचं काहीही करत बसू नका. लॅपटॉप ताबडतोब बंद करा, चार्जर काढा आणि दुरुस्तीला द्या. चालू ठेवला तर आवाजावर भागणार नाही.

स्पीकरच गेले असतील तर बहुतेक लॅपटॉपमध्ये डावा-उजवा स्पीकर आतून एका छोट्या सॉकेटला जोडलेला असतो आणि जोडी बदलणं फार मोठं काम नसतं. आधी कोणी लॅपटॉप उघडला असेल तर ते सॉकेट नुसतं सैल असण्याचीही शक्यता आहे. चिप किंवा अ‍ॅम्प्लिफायर गेला असेल तर गाठ मदरबोर्डशी पडते. अशा वेळी मी तरी बोर्डाला हात न लावता यूएसबीचं छोटं साउंड कार्ड वापरीन. बोटाच्या पेराएवढी वस्तू, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला हेडफोनचा जॅक. विंडोज तिला ड्रायव्हरशिवाय ओळखतं, आउटपुटच्या यादीतून निवडली की झालं.

दुकानात ‘आवाज येत नाही’ एवढंच सांगू नका. तीन चाचण्यांचा तो कागद पुढे ठेवा आणि हिरवी पट्टी नाचत होती की नाही तेही सांगा. लॅपटॉप देण्याआधी फाइल्सची प्रत काढून ठेवा. आणि समोरच्याने ‘आधी फॉरमॅट मारून बघू’ म्हटलं, तर पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये काय झालं होतं ते सांगा. तिथेही स्पीकर गप्पच होते आणि लॅपटॉप नवा कोरा नाही, तर फॉरमॅटच्या आधी लॅपटॉप उघडून स्पीकर तपासा म्हणावं.